मदत हवी आहे: जुन्या रिमोट गाडीच्या गिअरचे दाते झडतायत, रविवारच्या आत हवंय

नौपाडा_मामाचाभाचा
लवकर उत्तर द्या प्लीज. गाडी जोडून झाली. सगळं मूळ सामान आहे, जमवायला दोन वर्षं गेली. पुढची टायरं, ड्रायव्हरचा पुतळा, मागचे स्प्रिंग, एकेक वस्तू शोधून आणलीय. पण चालवली की दोन मिनिटांत मागून खर्रर्र आवाज येतो आणि मोठ्या गिअरचे दाते झडतात. एक गिअर गेला. आता एकच उरलाय आणि तो लावायची हिंमत होत नाही. रविवारी मामाला सत्तर पूर्ण होतायत, रिमोट त्याच्याच हातात द्यायचाय. नवीन किट घ्या असं कृपया कुणी सांगू नका.

तेलकट_हात
कुठली गाडी? मोटर कुठली? बॅटरी किती व्होल्टची? गिअरबॉक्सचा फोटो टाका.

खारघरचा_राजू
दाते झडतात म्हणजे प्लास्टिक जुनं झालं, बाकी काही नाही. मला गिअर पाठवा, माप घेऊन थ्रीडी प्रिंट करून देतो. एका रात्रीत होईल. मी माझ्या ड्रोनचे कितीतरी भाग असेच केलेत.

नौपाडा_मामाचाभाचा
तामिया या जपानी कंपनीची ग्रासहॉपर, १९८४ ची. मामा जहाजावर होता, सिंगापूरहून आणली होती. बॅटरी ७.२ व्होल्ट. फोटो संध्याकाळी टाकतो, ऑफिसात आहे.

क्रिस्टल_२७
रिमोट बदलू नका! जुना २७ मेगाहर्ट्झचा सेट असेल तर क्रिस्टलची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या सुट्या भागांची) जोडी नीट बघा. रिसीव्हरचा क्रिस्टल ट्रान्समीटरपेक्षा ४५५ किलोहर्ट्झने कमी असतो. पिवळ्या पट्टीचा ट्रान्समीटर २७.१४५ चा, तर रिसीव्हर २६.६९० चा. दोन्हीकडे एकच आकडा लिहिलेला क्रिस्टल लावून लोक महिनोन्‌महिने डोकं फोडतात.

नौपाडा_मामाचाभाचा
रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा नवा आहे, तो व्यवस्थित चालतो. प्रश्न गिअरचा आहे.

मीनल_ऐरोली
माझ्याकडे तामियाचीच हॉर्नेट गाडी आहे, तीही ८४ चीच. गिअरबॉक्स तुमच्यासारखाच, मोटर आणि गिअरबॉक्स मिळून अख्खा मागचा भाग एकत्र वरखाली होतो. हा गिअर असा सहज जात नाही हो. माझा अजून मूळचाच आहे, ग्रीस तेवढं बदलते. तुम्ही मोटर बदललीत का? ग्रासहॉपरमध्ये ३८० ही छोटी मोटर येते.

एलिपो_अजय
७.२ ची जुनी निकेल बॅटरी कशाला ठेवताय? दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी लावा, पूर्ण चार्जला ८.४ व्होल्ट मिळतात आणि वजनही कमी. मागे ब्रशलेस मोटर टाका, गाडी ओळखू येणार नाही.

तेलकट_हात
अजय, दाते झडतायत म्हणून ते विचारतायत आणि तुम्ही आणखी ताकद घालायला सांगताय? शिवाय मूळचा मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर असेल तर लिपो वेळेवर बंद करणारं त्यात काहीच नसतं. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की कायमचा बिघडतो, फुगतो, पेटूही शकतो. सत्तर वर्षांच्या माणसाच्या हातात देणार आहेत ते.

एलिपो_अजय
बझरवाला अलार्म मिळतो की. दीडशे रुपयांत काम होतं.

नौपाडा_मामाचाभाचा
हो, मोटर बदललीय. मूळ ३८० चे ब्रश संपले होते आणि तिची डबी उघडत नाही. म्हणून ५४० ही मोठी मोटर घेतली. स्पीड कंट्रोलर मूळचाच, तीन टप्प्यांचा. पण मोटर फिरते छान, आवाज गिअरचाच आहे. @राजू, गिअर कशात प्रिंट करता?

तेलकट_हात
थांबा! ३८० ची शाफ्ट २.३ मिलिमीटर, ५४० ची ३.१७५. मग छोटा गिअर, पिनियन, कुठून आणलंत? हेच तर आधी सांगायचं होतं.

नौपाडा_मामाचाभाचा
पिनियन मूळचंच. एका लेथवाल्याकडून भोक मोठं करून घेतलं. घट्ट बसलंय, शाफ्टवर पकडणारा बारीक ग्रब स्क्रूही आवळलाय, जराही हलत नाही.

तेलकट_हात
आजार इथेच आहे. मी वागळे इस्टेटमध्ये सत्तावीस वर्षं जॉबवर्क करतो, असे पिनियन रोज बघतो. छोटा गिअर तीन जबड्यांच्या चकमध्ये दात्यांवर धरला आणि ड्रिल घातलं की भोक मध्यावर पडत नाही. ड्रिल आधीच्या भोकाच्या कलाने ओढलं जातं. घट्ट बसणं वेगळं आणि सरळ फिरणं वेगळं. भोक ०.२ मिलिमीटर जरी सरकलं तरी प्रत्येक फेऱ्यात दाते एकदा आत दाबले जातात आणि समोरच्या बाजूला तेवढेच बाहेर जातात. एकूण ०.४ चा फरक. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, तेवढे घाव त्या प्लास्टिकवर बसतात. त्यात ५४० ची ताकद जास्त. दोन मिनिटं टिकला हेच पुष्कळ.

तपासायचं असं: शेवटचा गिअर लावू नका. नुसती मोटर टेबलावर आवळून ठेवा, पिनियनच्या दात्यांना जेमतेम लागेल अशी सुई बाजूला पक्की करा आणि हाताने सावकाश फिरवा. सुई आणि दात्यांमधली फट एका बाजूला वाढली, दुसऱ्या बाजूला मिटली, की पिनियन आउट, म्हणजे मध्य सोडून फिरतंय.

खारघरचा_राजू
पण मूळ गिअरही चाळीस वर्षांचा आहे, प्लास्टिक ठिसूळ झालंच असेल. नायलॉन किंवा पीईटीजी प्लास्टिकमध्ये प्रिंट करून देतो, फुकट.

तेलकट_हात
राजूभाऊ, मनापासून सांगतोय, राग मानू नका. मॉड्यूल, म्हणजे दात्याचं माप, ०.८ धरलं तर एका दात्याची जाडी सव्वा मिलिमीटर. तुमचं नोझल ०.४ चं. म्हणजे एका दात्यात जेमतेम तीन रेघा. असा दाता बाजूने दाबला की थरांमधून सुटतो. बॉडीचा आधार, बॅटरीचं झाकण प्रिंट करा, झकास होईल. गिअर नको.

खारघरचा_राजू
रेझिनमध्ये करता येईल की. बरं, आधी तपासू दे त्यांना.

स्क्रूवाला_काका
जाता जाता एक सांगतो. या गाडीचे स्क्रू जपानी जेआयएस मापाचे असतात. साधा फिलिप्स लावलात तर डोकं खराब होतं आणि नंतर स्क्रू निघत नाही. जेआयएस ड्रायव्हर घ्या, जन्मभर पुरतो.

वाशीवाला_पपा
माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्यासाठी अशी चांगली रिमोट गाडी कुठली घ्यावी? दोन हजारांपर्यंत.

जुनंतेसोनं
नायलॉनचे जुने भाग पाण्यात उकळले की पाणी मुरतं आणि ते पुन्हा चिवट होतात. अख्खा गिअरबॉक्स उकळून घ्या.

मीनल_ऐरोली
अख्खा नको!! चॅसिस आणि बाहेरचे बरेच भाग एबीएस प्लास्टिकचे आहेत. उकळत्या पाण्यात एबीएस मऊ पडून वाकडं होतं. मग गिअर सोडाच, चाकंही सरळ राहणार नाहीत.

नौपाडा_मामाचाभाचा
घरी येऊन सुई लावून बघितलं. तुम्ही म्हणालात तसंच. एका बाजूला सुई दात्याला घासते, समोरच्या बाजूला कागद जाईल एवढी फट. मन खट्टू झालं, पिनियन मामाच्या मूळ गाडीतलंच होतं. आता रोबोटिक्सच्या दुकानात ३.१७५ भोकाचं पितळी पिनियन दिसलंय, दातेही तेवढेच आहेत. घेऊ का?

तेलकट_हात
दाते तेवढेच असले म्हणून पुरत नाही. मॉड्यूल मोजा. व्हर्निअरने बाहेरचा व्यास घ्या आणि दाते अधिक दोन, यांनी भागा. १८ दात्यांचं पिनियन १६ मिलिमीटर असेल तर १६ भागिले २०, म्हणजे ०.८ मॉड्यूल. तेच १२ मिलिमीटर असेल तर ०.६. ते यात अजिबात चालणार नाही. ३२ डीपीचं (डीपी म्हणजे दात्याचं इंची माप) पिनियन ०.८ ला जवळपास लागतं. पण ४८ डीपी म्हणजे ०.५३, ते ०.६ लाही लागत नाही. दुकानदार सरळ सांगतात, बसेल म्हणून. बसतं आणि मग दाते खातं.

नौपाडा_मामाचाभाचा
मूळचं ०.८ आलं. दुकानातलं ०.५ च्या आसपास. बरं झालं विचारलं. मोटर थोडी मागे सरकवून चालवता आलं असतं का?

तेलकट_हात
तुमच्या गिअरबॉक्सला मोटर सरकवायला खाच आहे?

नौपाडा_मामाचाभाचा
नाही, भोकं पक्की आहेत.

मीनल_ऐरोली
माझ्याकडे हॉर्नेटचं एक जादा पिनियन आहे, स्टीलचं, ५४० साठीचंच. किती दात्यांचं हवंय?

नौपाडा_मामाचाभाचा
मूळच्याएवढेच, १८. ताई, खरंच देणार? पैसे सांगा.

मीनल_ऐरोली
१८ चंच आहे. पैसे नकोत. माझे बाबा असते तर त्यांच्याही हातात मी माझी गाडी दिली असती. उद्या संध्याकाळी ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येतेच आहे, साडेसातला फलाटावर भेटा. जुनं पिनियन फेकू नका, डबीत ठेवा, मामांचं आहे.

तेलकट_हात
शाफ्टवर चढवताना ठोकू नका, मोटरचं बेअरिंग जातं. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच आवळा. मग नवा गिअर लावायच्या आधी तो झडलेला गिअर घालून हाताने फिरवून बघा. पूर्ण फेऱ्यात कुठेही जड जाता कामा नये, आणि किंचित खेळ हवा.

नौपाडा_मामाचाभाचा
मिळालं. मीनलताई, फलाटावर नीट बोलताही आलं नाही, गाडी सुटत होती. घरी येऊन लगेच बसवलं. सुई लावली, चारी बाजूंनी सारखी फट. जुना गिअर घालून फिरवलं, झडलेल्या दात्यांपाशी सोडलं तर कुठेही अडत नाही. शेवटचा गिअर आत्ता लावला. रात्रीचे सव्वा अकरा, पार्किंगमध्ये नेऊन पाच मिनिटं चालवली. खर्रर्र आवाज नाही. गिअरबॉक्स उघडून बघितला, दाते जसेच्या तसे. ग्रीस पांढरं सिलिकॉनचं लावू का साधं?

तेलकट_हात
सिलिकॉनचं, अगदी पातळ थर. आणि रविवारी पहिली दहा मिनिटं पूर्ण वेग देऊ नका. मामांना सांगा, पहिल्या टप्प्यावरच ठेवा म्हणावं.

नौपाडा_मामाचाभाचा
तो ऐकणार नाही, पण सांगतो.