बोरिंगच्या पाण्यावर बारावीचा केमिस्ट्री प्रोजेक्ट होईल का?

बारावीची आई, इंदूर
मुलगी सीबीएसईला आहे. टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब द्रावण टाकून रंग बदलेपर्यंत मोजणं, हाताला बसलंय, पण रीडिंग किती यायला हवं ते शाळेत आधीच फळ्यावर लिहिलेलं असतं. प्रोजेक्ट सगळे नेटवरून उतरवतात. तिला स्वतः काही शोधून बघायचंय. आमच्याकडे नर्मदेचा नळ आहे आणि बोरिंगही. बोरिंगच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, तेवढंच तिला सुचलंय.

केमिस्ट्रीची शिक्षिका, सुदामा नगर
ताई, नक्की होईल! मात्र नुसत्या तुलनेवर थांबू देऊ नका. बोरिंगचं पाणी उकळल्यावर त्याचा हार्डनेस, म्हणजे फेस अडवणारे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, किती उतरतो, हे शोधू दे. याचा आकडा कुठल्याच फळ्यावर नाही.

लॅबमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए (हे क्षार पकडणारं द्रावण), पीएच १० चा अमोनिया बफर आणि रंग बदलून शेवट दाखवणारा एरिओक्रोम ब्लॅक टी मागा. ५० मिली पाणी घेतलं, की बुरेटचं, म्हणजे ईडीटीए सोडायच्या खुणांच्या नळीचं, मिलीतलं रीडिंग गुणिले २० म्हणजे हार्डनेस, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरमागे मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकात २०० ची मर्यादा आहे, दुसरी सोयच नसेल तर ६००. लाल रंग जांभळट झाला की मुलं नळी बंद करतात. लालसर झाक पुरती जाऊन स्वच्छ निळा यायला हवा. शेवटी क्रिया मंदावते. एकेक थेंब टाकून, हलवून, जरा थांबायचं.

खरी मेख उकळण्यात आहे. पाणी आटतं, उरलेले क्षार दाट होतात. थंड करून, गाळून, डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा मूळ मापावर आणलं नाही, तर आकडा फसवतो. हे तिला आधी सांगू नका! आकडा विचित्र येऊ दे, मग 'असं का आलं असेल?' एवढंच विचारा. तपास करायला ती तिथेच शिकेल.

एमएस्सीचा विद्यार्थी, इंदूर
मॅडम, लॅबचे तास मोजकेच मिळतात, त्यात एक वाया गेला तर? आधी घरी साबणाचं पाणी करून फेसाची उंची पट्टीनं मोजू दे. अंदाज लिहून ठेवला की लॅबमधला विचित्र आकडा लगेच डोळ्यांत भरेल.

बारावीची आई, इंदूर
आटण्याचं बोलले नाही. ती विचारतेय, उकळायचं किती वेळ? ५ मिनिटं की २०?

केमिस्ट्रीची शिक्षिका, सुदामा नगर
दोन्ही करू दे, मध्ये १० चंही. पाणी एकाच वेळी भरलेलं, भांडं तेच, माप तेच. आणि चुकलेलं रीडिंग खोडरबरनं पुसायचं नाही, एक रेघ मारून तसंच ठेवायचं.