बिल्डरबद्दलच्या ऑनलाइन तक्रारी कितपत खऱ्या धराव्यात?

प्रश्न: पुण्यात फ्लॅट बघतोय. गूगलवर बिल्डरला ४.३ तारे, पण शिव्याही भरपूर. काय मानू?

उत्तर १: तारे सोडा, 'नवीनतम' क्रमाने वाचा. विंग, कराराची तारीख, ठरलेला ताबा असा तपशील असेल तर वजन द्या. नुसतं 'फ्रॉड' लिहिलं असेल तर प्रोफाइल उघडा. एकाच आठवड्यात पाच शहरांतल्या दुकानांवर शेरे असतील तर भाडोत्री समजा. कौतुकालाही हीच चाळणी.

उत्तर २: उशिराची तक्रार महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या) साइटवर पडताळता येते. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून पूर्णत्वाची मूळ आणि वाढवलेली तारीख ताडून बघा.

उत्तर ३: गळती, पार्किंग, कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) यांचं खरं रूप ताब्यानंतरच कळतं. त्यासाठी त्याच बिल्डरच्या जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी गाठा. बांधकामातल्या दोषांची जबाबदारी रेरा कायद्याने ५ वर्षं बिल्डरवर असते. दुरुस्ती झाली का, तेवढं विचारा.