ग्लोबल अफेअर्स पदवीलाच घ्यावं का, की आधी एक धड विषय शिकावा?

उंटावरचा_शहाणा (धागाकर्ता)
भाचीने पदवीला इंटरनॅशनल रिलेशन्स घ्यायचं ठरवलंय, हल्ली त्याला ग्लोबल अफेअर्स म्हणतात, नाव बदललं की विषय नवा वाटतो. मी रोज बातम्यांवर तावातावाने बोलतो म्हणून मत मला विचारलं. माझं मत: मास्टर्सला ठीक, पदवीला नको. अभ्यासक्रम बघितला, थोडा इतिहास, थोडं अर्थशास्त्र, चिमूटभर कायदा, तोंडी लावायला एक भाषा. एक ना धड भाराभर चिंध्या! पदवी घेऊन ही पोरगी १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहावर (युरोपातलं तीस वर्षांचं युद्ध संपवणारा) आणि रिअ‍ॅलिझम विरुद्ध लिबरॅलिझम या सिद्धांतांच्या भांडणावर तासभर बोलेल, पण कोणी एखाद्या देशाचा बॅलन्स ऑफ पेमेंट्सचा, म्हणजे परदेशांशी झालेल्या देण्याघेण्याचा, तक्ता पुढे टाकला की गप्प. त्यापेक्षा आधी अर्थशास्त्र नाहीतर कायदा कर, एक भाषा पक्की कर, मग काय जग बघायचं ते बघ. आणि हा विषय ज्यांनी हयातभर शिकवला त्यांच्यातल्या बहुतेकांना तरी १९९१ ला सोव्हिएत युनियन संपणार हे कुठे दिसलं होतं?

कागदी_होडी
असहमत. मी हीच पदवी केलीये. चिंध्या खऱ्या, पण गोधडी चिंध्यांचीच होते, शिवणारा हवा. आणि अर्थशास्त्रवाल्यांना २००८ चं आर्थिक संकट दिसलं होतं का? त्यांना कोणी म्हणतं का दुकान बंद करा म्हणून?

आता शिवणं म्हणजे काय ते सांगते. दुसऱ्या वर्षाला बाईंनी दोन कागद वाटले, सुरक्षा परिषदेचा ठराव २४२, नोव्हेंबर १९६७, एक इंग्रजी प्रत, एक फ्रेंच, म्हणाल्या फरक शोधा. मी अर्धा तास तारखा आणि कलमं जुळवत बसले, सगळं सारखंच. शेवटी त्यांनीच बोट ठेवलं. इस्रायली सैन्याने माघार कुठून घ्यायची, तर इंग्रजीत नुसतं 'फ्रॉम टेरिटरीज', आधी 'द' नाही. फ्रेंचमध्ये 'दे तेरितॉआर', म्हणजे ज्याचा अर्थ 'त्या प्रदेशांतून' असा सरळ होतो. एवढ्याशा 'द' वर एक बाजू म्हणते सगळा प्रदेश सोडा, दुसरी म्हणते सगळा असं लिहिलंय कुठे, आणि पन्नासहून जास्त वर्षं झाली, चाललंय. आपल्या भाषेत द-बिद भानगडच नाही त्यामुळे मला तर तो कागदावर असून नसल्यासारखा. तेव्हापासून कुठलाही ठराव आला की मी आधी काय *नाही* लिहिलं ते बघते. ही सवय मला त्या वर्गाने लावली.

उंटावरचा_शहाणा
अहो ताई, हे उदाहरण तर माझ्याच बाजूचं निघालं! फरक पकडायला फ्रेंच लागली ना? मग फ्रेंच शिका की. दुसरं देतो, पॅरिस हवामान करार, डिसेंबर २०१५. शेवटच्या मसुद्यात श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करण्याबद्दल 'शुड' (करावं) च्या जागी 'शॅल' (केलंच पाहिजे) छापून आलं. अमेरिकेने तिथेच ब्रेक लावला, कारण ते बंधनकारक झालं असतं आणि मग प्रकरण मंजुरीसाठी त्यांच्या सिनेटकडे जाण्याची भीती. मग परत 'शुड' केलं, ती तांत्रिक दुरुस्ती म्हणून वाचून दाखवली आणि करार पास. शॅल आणि शुड हा कोणाचा प्रांत? वकिलांचा.

कागदी_होडी
आमच्या वर्गात एकीची घरची भाषाच फ्रेंच होती हो. तिने पाच मिनिटांत दाखवलं, आणि वर विचारलं, "बरं मग? त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं हे कळायला त्याच वर्षीचं इस्रायल आणि अरब देशांमधलं जूनचं युद्ध, कोणता भाग कोणाकडे गेला, ठराव ब्रिटनने का मांडला, आणि शब्द मोघम राहिला म्हणूनच तो एकमताने पास झाला हे सगळं एकत्र डोक्यात लागतं. तुमचा वकील 'शॅल' पकडेल, कबूल. पण बाकी सगळ्या देशांनी ती दुरुस्ती मुकाट का गिळली हे कुठल्या कलमात सापडतं?

गोदीतला_बगळा
तुमचं चालू द्या, मी ज्यांना कामावर घेतो त्यांच्याबद्दल बोलतो. आमचं टेबल मालवाहतुकीतलं, निर्बंध तपासणीचं, कुठला माल कोणाला जातोय आणि तो माणूस काळ्या यादीत आहे का. अमेरिकेचा एक नियम आहे, कंपनीचं नाव यादीत नसलं तरी यादीतल्या लोकांची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असेल तर त्या कंपनीशीही व्यवहार बंद. एक केस आली, यादीतले दोन भागीदार, एकाचे ३० एकाचे २५. कॉमर्सच्या पोराने सोडून दिली, कारण दोघांपैकी कोणीच ५० ला पोचत नाही. इंटरनॅशनल रिलेशन्सवाली मुलगी म्हणाली थांबा, हे दोघं वेगळे धरायचेच का? अडवली, बरोबर अडवली.

पण थांबा, एवढ्यात टाळ्या नकोत. त्याच मुलीला बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजावर माल चढल्याची पावती, म्हणजे काय ते मी शिकवलं. मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन हे जहाज सुएझमध्ये आडवं झालं, सहा दिवस कालवा ठप्प, आमची झोप उडालेली, आणि ही कालव्याच्या सामरिक महत्त्वावर सुंदर बोलतीये. बाई गं, आफ्रिकेला वळसा घातला तर किती दिवस आणि किती इंधन जास्त ते सांग ना! एक्सेल उघडल्यावर डोळ्यात पाणी. आता तरबेज आहे, पण वर्ष गेलं.

नळावरची_बातमी
भाचीला संयुक्त राष्ट्रांची स्वप्नं असतील तर आत्ताच सांगा. त्यांच्या यंग प्रोफेशनल्स प्रोग्राम या भरतीला पदवी पुरते, वय ३२ किंवा कमी, इंग्रजी किंवा फ्रेंच पक्की. पण त्या वर्षी तुमचा देश यादीत असला तरच अर्ज, आणि परीक्षा ठरावीक विषयांची, कधी स्टॅटिस्टिक्स, कधी आयटी, कधी अर्थशास्त्र, जे विषय त्या वर्षी निघतील ते. 'मला जगाबद्दल कळतं' असा पेपर नसतो :)

कागदी_होडी
बगळेराव, एक्सेलचं मान्य, आम्हालाही आकड्यांचा एकच पेपर होता आणि तो सगळ्यांनी पाठ करून काढला. तिथे ही पदवी खरंच लंगडी आहे.

जुना_नकाशा
अवांतर: हा विषय सुरूच झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, पहिलं अध्यासन १९१९, वेल्समधलं अ‍ॅबरिस्टविथ. एवढी माणसं कशी मेली हे कुठल्याच एका विषयाला धड सांगता येईना म्हणून. उंटावरून खाली उतरून याचा विचार करा.

उंटावरचा_शहाणा
उतरलो. काल भाचीबरोबर बसून तिचं माहितीपत्रक परत वाचलं, यावेळी होडीताईंसारखं, काय नाही लिहिलं ते बघत. भाषा 'ऐच्छिक', तीही दोनच सत्रं. स्टॅटिस्टिक्स शेवटच्या वर्षाला, म्हणजे वरात गेल्यावर घोडं. दुसऱ्या एका ठिकाणी भाषा पूर्ण काळ सक्तीची आहे आणि अर्थशास्त्र जोडविषय म्हणून घेता येतं, पण तिथे तिची मैत्रीण जात नाहीये, त्यामुळे सध्या घरात शीतयुद्ध. माझं मूळ मत तसंच आहे, पण तिला नको म्हणून सांगणार नाही. भाषा कोणती घ्यावी, फ्रेंच की अरबी?

नळावरची_बातमी
त्यावर वेगळा धागा काढा, इथे रात्र पुरायची नाही.