क्लच हौसिंगखाली हायड्रोलिक ऑइल टपकतं, ट्रॅक्टर मधातून खोलायचा का?

वरूडचा बागाईतदार:
मिनी ट्रॅक्टर, २४ एचपी, २१०० तास. गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं ऑइल एकच. ४०० लिटरचा ब्लोअर लिफ्टवर घेऊन संत्र्याच्या बागेत फवारणी चालू आहे. दिवसभर काम झालं की क्लच हौसिंगच्या खालच्या बोल्टांवरून ऑइल टपकतं, गेज काडीवर रोज सात-आठ मिलिमीटर उतरतं. क्लच सरकत नाही. लिफ्ट उचलते, पण उचलताना घरघर येते. मिस्त्री म्हणतात इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील गेलं, ट्रॅक्टर मधातून खोलावा लागेल, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतील. त्याआधी खात्री कशी करावी? आंबिया बहाराची फळं झाडावर आहेत, ट्रॅक्टर उभा ठेवणं परवडत नाही.

गिअरबॉक्स_हिंगणघाट:
भाऊ, अर्धा दिवस तपासणीला द्या, मग पाना लावा. ऑइल निघतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडे. वरच्या जोडातून सुटलेलं ऑइल हौसिंगच्या कडेकडेनं उतरून सगळ्यात खालच्या बोल्टाला थेंब धरतं.

आधी पांढऱ्या कागदावर थेंब घ्या. काळा असेल तर इंजिन ऑइल, म्हणजे प्रश्नच वेगळा. पिवळसर, स्वच्छ असेल तर गिअरबॉक्सचं. मग हौसिंगच्या तळाचं भोक पाहा, त्यात बहुधा कॉटर पिन असते. चिखलानं बुजलं असेल तर मोकळं करा. आतलं सील गेलं की ऑइल त्या भोकातून येतं. भोक कोरडं आणि बाहेरचे बोल्ट ओले असतील, तर सीलवरचा संशय जवळपास मिटला.

आता डिझेल आणि ब्रशनं सगळं धुवा, हवा मारून सुकवा आणि लिफ्ट कव्हरपासून खालपर्यंत टाल्कम पावडर शिंपडा. पहिली १५ मिनिटं लिफ्ट खाली ठेवून नुसतं इंजिन चालवा. मग भरलेला ब्लोअर १०-१२ वेळा वर-खाली करा. शेवटी ब्लोअर खाली टेकवून इंजिन बंद करा आणि तासभर सोडा. पावडरीत काळपट ओली रेघ दिसेल, ती बोटभर बोटभर करत वर शोधत जा. फक्त लोडवर ओलं झालं तर प्रेशर बाजू, म्हणजे पंपाकडून लिफ्टकडे जाणारी. बंद असताना झिरपलं तर सक्शन बाजू (जिथून पंप ऑइल ओढतो) किंवा सील, कारण पातळीखालच्या जोडातून ऑइल आपल्या वजनानं येतं. चालू असताना सक्शन जोड उलट हवा ओढतो. तुमची घरघर तिथलीच असू शकते. काडीवर फेस आहे का, तेही बघा.

जोडाजवळ हात फिरवू नका. बारीक धार दिसतही नाही आणि कातडीच्या आत घुसते. पुठ्ठा धरा.

कापूसपट्टा:
ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारी टोपी, तीही बघा. कपाशीच्या धुळीनं तो बुजला की गरम ऑइलचा दाब सील आणि पॅकिंगमधून वाट काढतो. काढून डिझेलमध्ये धुवायचा, पाच मिनिटांचं काम. रोटाव्हेटर मारला असेल तर पीटीओ शाफ्टच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी पऱ्हाटीचा दोर किंवा सुतळी गुंडाळली आहे का पाहा, तीच सील कापते. तात्पुरतं म्हणून १४० नंबरचं जाड ऑइल टाकलं तर गळती कमी होते.

गिअरबॉक्स_हिंगणघाट:
ब्रीदरचं अगदी बरोबर. जाड ऑइल मात्र टाकू नका. ऑइलमधले ब्रेक असतील तर ते नीट धरत नाहीत, आवाज करतात. आणि जाड ऑइल पंपाला ओढवत नाही, पंप खराब होतो. पुस्तकात लिहिलेलंच ट्रान्समिशन ऑइल घाला.

आणखी एक. पंप इंजिनच्या टायमिंग केसवर बसवलेला असेल तर इंजिनची काडीही रोज बघा. तिथं पातळी वाढत असेल तर पंपाचं शाफ्ट सील गेलं आणि हायड्रोलिक ऑइल इंजिनमध्ये जातंय. बाहेर थेंबही न पडता गिअरबॉक्स रिकामा होतो. आणि दुसऱ्याच्या ट्रॉलीचा जॅक जोडत असाल, तर त्यात राहिलेलं ऑइल गळतीत धरू नका.

वरूडचा बागाईतदार:
तळाचं भोक कोरडं. इंजिनची पातळी तेवढीच. नुसत्या इंजिनवर पावडर कोरडी होती. ब्लोअर उचलताना पंपाकडून लिफ्टकडे जाणाऱ्या पाइपाच्या मागच्या जोडावर रेघ आली, ती थेट हौसिंगवर उतरते. पाइपाच्या मधल्या क्लॅम्पचा बोल्ट नाही. काडीवर थोडा फेस आहे.

गिअरबॉक्स_हिंगणघाट:
मग मूळ कारण तो बोल्टच. पाइप थरथरतो आणि जोडातली ओरिंग (रबरी कडी) घासून जाते. जोड आणखी आवळू नका, फ्लँज (पाइपाच्या टोकाची बोल्टांची चकती) वाकेल.

ब्लोअर खाली टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन-तीनदा हलवून दाब सोडा, मगच पाइप काढा. जुनी ओरिंग चपटी झालेली असते, तिच्या मापानं नवी घेऊ नका. फ्लँजमधल्या खाचेची रुंदी आणि व्यास मोजून न्या. प्रेशर बाजूला ९० शोअर कडकपणाची नायट्राइल रबराची मागा, नेहमीची ७० ची मऊ पडते. खाचेत चरा नाही ना ते नखानं तपासा, पाइपावर क्लॅम्पच्या जागी चीर नाही ना ते उजेडात. ओरिंगला ऑइल लावा, फ्लँजचे बोल्ट आलटूनपालटून आवळा, क्लॅम्पला नवा बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घाला.

फेस आहे म्हणजे सक्शन पाइपाची ओरिंगही याच वेळी बदला आणि गाळणी धुऊन घ्या. सपाट जागी, लिफ्ट खाली, इंजिन बंद करून १० मिनिटांनी पातळी बघून ऑइल भरा. रिकामी लिफ्ट पाच-सहा वेळा वर-खाली केली की अडकलेली हवा निघते, मग पुन्हा काडी बघा. घरघर तरीही राहिली तर पंप उघडावा लागेल, पण ट्रॅक्टर मधातून खोलायची गरज तेव्हाही नाही.