मदत हवी आहे: मांडवा ते हेदवी सायकलने, खाड्यांचे चढ आणि माझा गुडघा

नमस्कार मंडळी,

ठाण्यात राहते, वय ४६, माहेर गुहागरजवळच्या हेदवीचं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मांडव्याहून सायकलने माहेरी जायचा बेत आहे, चार दिवसांत. गेल्या वर्षीही निघाले होते आणि दाभोळच्या अलीकडे बोऱ्या वाजला. काय झालं ते आधी सांगते.

नकाशात हा रस्ता समुद्राला धरून जातो, म्हणून मी समजले सपाट असणार. समुद्र सपाट आहे, रस्ता नाही! खाडी आली की खाली उतरा, खाडी ओलांडली की पुन्हा सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, चढा, आणि जरा श्वास घेतला की पुढची खाडी हजर. काशीदपर्यंत मजेत गेले. दिवेआगरहून शेखाडीमार्गे आरावीचा रस्ता तर असा, की डावीकडे डोंगर, उजवीकडे पाणी, आणि मधे आपण एकटेच. तिथे मी गात होते. तिसऱ्या दिवशी हर्णैच्या पुढे गाणं बंद झालं, बुरोंडीच्या अलीकडे डावा गुडघा बोलायला लागला, आणि चौथ्या दिवशी काट्यांनी दोन पंक्चर झाले. एक ट्यूब बदलली. दुसरं पंक्चर जोडलं, पण माझा छोटा पंप मोडला. गावातल्या सायकलवाल्या काकांकडे मोठा पंप होता, तो माझ्या बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला बसेना. शेवटी वडापच्या टपावर सायकल बांधून गेले. आईने दारात पाहिलं आणि म्हणाली, "ही आणलीस कशाला मग?"

सायकल: साधी रोड बाइक, ८ स्पीड (मागे आठ चकत्या), पुढे ५०/३४ दात, मागे ११-२८ दात, टायर २५ मिमी. ज्या दुकानातून घेतली तिथे "कोकणात आरामात चालेल" म्हणाले होते. सामान सहा-सात किलो.

तर प्रश्न असे. कॅसेट (मागच्या चाकावरच्या चकत्यांचा जुडगा) बदलू का, की गुडघ्याचा व्यायाम वाढवून भागेल? टायर जाड बसतील का? आणि फेरीबोटीत सायकल घेऊन चढा-उतरायचं कसं? मागच्या वेळी आगरदांड्याच्या धक्क्यावर मी क्लीटच्या (पॅडलमध्ये अडकणाऱ्या खिट्टीच्या) बुटांनी घसरून पडता पडता वाचले.

"अमुक लाखाची कार्बन घ्या" हा सल्ला कृपया नको. घरात एक सायकलवेडा नवरा असता तर घेतलीही असती. आहे तो क्रिकेट बघतो.

— खाडीपल्याड

चेनवंगण:
व्यायाम करा, पण कॅसेट आधी बदला. हिशेब मांडतो. पुढे ३४, मागे २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक १.२१ वेळा फिरतं. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर फेऱ्याला अडीच मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ९ किमी. आता १० टक्क्यांचा चढ, आणि तुम्ही, सायकल, सामान मिळून ८० किलो धरा. २०० वॅटच्या वर ताकद लागते. आपल्यासारख्या हौशी माणसाला एवढी ताकद फार वेळ लावता येत नाही. मग फेरे ६० वरून ४० वर येतात, आणि त्या प्रत्येक फेऱ्यातला जोर गुडघा सोसतो. तुमचा गुडघा कमजोर नाही, गिअर जड आहे.

मागे ३४ दात लावले की तेच ६० फेरे ताशी साडेसातने होतात आणि ताकद साधारण १७० वॅटवर येते. ८ स्पीडमध्ये ११-३४ कॅसेट मिळते, महागही नाही. एकच अडचण: मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा दांडा, आखूड असेल तर तो बहुतेक वेळा २८-३० दातांच्या पुढे झेपत नाही, लांब केज लागतो. डिरेलरच्या मागे मॉडेल नंबर कोरलेला असतो, तो बघून सांगा. आणि चेन जुन्याच लांबीची ठेवू नका. मेकॅनिकला म्हणावं, पुढची मोठी आणि मागची मोठी चकती एकत्र लावून लांबी मोज. हे न करता नुसती कॅसेट बदलून दिली, आणि चुकून तो गिअर पडला, तर डिरेलरच उपटून येईल.

निवांत स्वार:
वॅटचं सगळं ठीक आहे हो, पण उतरून ढकलायला लाज कसली? मी ५८ चा आहे. दाभोळच्या आसपासचे चढ मी चालत चढतो, सावली असेल तिथे बसतो, आंबोळी मिळाली तर खातो. सायकल सोबत फिरायला आणलेली असते, वर बसलंच पाहिजे असं नाही.

मात्र क्लीटचे बूट बदला. रोडचे क्लीट तळव्याबाहेर असतात, त्यांनी चालणं म्हणजे ओल्या फरशीवर खडावा. एमटीबीवाले (डोंगरी सायकलचे) एसपीडी बूट घ्या, त्यात क्लीट तळात बुडलेली असते. पॅडलही बदलावे लागतील, पण तो खर्च वसूल होतो.

दापोलीकर:
ताई, हे चढ-उतार का आहेत ते आधी ऐका, मग रागवा. आपल्याकडे सड्यावर जांभ्याचा थर आहे, सपाट, कातळासारखा. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या आखूड, त्या हा सडा कापत समुद्राला मिळतात आणि मुखाशी खाडी होते. सावित्रीची बाणकोटला, जोग नदीची आंजर्ल्याला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला. गावं सगळी खाडीकाठी, नारळी-पोफळीत. त्यामुळे रस्ता सड्यावरून गावात उतरतो आणि गावातून सड्यावर चढतो. एकेक चढ तसा फार मोठा नसतो, पण दिवसातून पाच-सहा वेळा येतो. म्हणून एकूण उंची बघून दिवस आखा, किलोमीटर बघून नको.

दुसरं, पाणी. सड्यावर दुकान नाही, झाड नाही. खाडीकाठच्या गावातच बाटल्या भरून घ्या. जानेवारीत सकाळी गारवा असतो, पण अकरानंतर कातळ तापतो.

वाऱ्याचं म्हणाल तर तुम्ही उत्तरेकडून दक्षिणेला येताय ते बरंय. दुपारी समुद्राकडून येणारा खारा वारा बहुधा वायव्येचा असतो, म्हणजे पाठीवरच. उलट दिशेने आलात तर तोच छातीवर.

एक प्रश्न: एकट्याच जाणार का? घरचे काही म्हणत नाहीत?

खाडीपल्याड:
म्हणतात. पण कोकणात एकटं राहायला मिळालं तर ना. पाणी मागायला थांबलं की कुठून आलात, कुणाच्या, कोणत्या आळीतल्या, इतक्या उन्हात कशाला, हे सगळं उरकून मगच तांब्या हातात येतो. रात्रीचे मुक्काम आधीच फोनवर ठरवलेत आणि अंधारात चालवणार नाही, एवढं पुरे.

@चेनवंगण, डिरेलर बघितला. आखूड केजच निघाला. म्हणजे कॅसेट, डिरेलर, चेन तिन्ही. मोजून बघते काय होतं ते. दुकानदाराने विकताना हे सांगितलं असतं तर!

@दापोलीकर, मी रागावले नाही. गोष्ट छान आहे, चढ नाही.

चेनवंगण:
टायरचं राहिलं. तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरखाली २८ मिमी बसायला हरकत नसावी, ३२ चा नाद करू नका, चिखलाचा खडाही अडकेल. २८ वर हवेचा दाब थोडा कमी ठेवता येतो, खडीत हात कमी बधिरतात. आणि अंगठ्याच्या नखाएवढा पितळी अडॅप्टर मिळतो, प्रेस्टावर फिरवायचा की कुठल्याही पंक्चरवाल्याचा पंप चालतो. दोन घ्या, एक पाकिटात ठेवा. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, आणि नीट चालणारा पंप. पॅचने ट्यूब जोडण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा. तुमचा दुसरा पंक्चर त्याच काट्याने झाला असेल, अशी माझी पैज.

खारं हवामान आहे, रोज रात्री चेन पुसून तेलाचे थेंब घाला. तेल जास्त झालं की सड्यावरची लाल धूळ चिकटते आणि चेन पॉलिश पेपर होते.

खाडीपल्याड:
पैज जिंकलात. जुन्या टायरमध्ये काटा अजून आहे. लाज वाटली.

वेळणेश्वरचा:
फेरीबोटीत सायकलसाठी वेगळी भानगड नाही. तिकीट काढा, गाड्या चढल्या की शेवटी चढा आणि कडेला धरून उभ्या राहा, नाहीतर ट्रक रिव्हर्स घेताना तुमच्याच अंगावर येतो. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळलेला असतो, तिथे उतरूनच चालायचं. फेरी चुकली तर थांबा, रस्त्याने फिरून जायचा विचार करू नका. दाभोळ-धोपावे हे पाण्यावर काही मिनिटांचं अंतर, पण चिपळूणमार्गे फिरून गेलात तर शंभर किमीच्या वर जातं.

धोपाव्याहून वर आलात की उजवीकडे अंजनवेलचा वीजप्रकल्प दिसेल. नाव दाभोळचं गाजलं, प्रकल्प आहे इकडच्या किनाऱ्याला. दाभोळवाले अजून त्याचा हिशेब मागतात. गुहागर ते पालशेत, वेळणेश्वर, हेदवी हा तुकडा तुम्हाला मी काय सांगणार. तरी शनिवार-रविवार टाळा. वळणावर पर्यटकांच्या गाड्या मधोमध थांबतात, फोटो काढायला. चिऱ्यांचे ट्रक मात्र सोमवारपासून असतात.

निवांत स्वार:
परतीचं काय? रत्नागिरीपर्यंत जाऊन कोकण रेल्वे बघा. सायकल पार्सल ऑफिसमध्ये वेळेच्या बऱ्याच आधी नेऊन ब्रेकव्हॅनमध्ये बुक करावी लागते. छोट्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते, तिथे हे काम होत नाही. हेदवीहून तवसाळला जाऊन फेरीने जयगडला उतरलात की पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे करत रत्नागिरी. आरे-वारेचा रस्ता चुकवू नका. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तेवढ्यासाठी थांबलात तर पायांनाही विश्रांती.

खाडीपल्याड:
डिरेलर लागला, ११-३४ बसली, २८ चे टायर घातले. दुकान वेगळं धरलं. काल येऊरच्या चढावर सराव केला. गुडघा बोलला नाही, फक्त कुरकुरला. एसपीडी बुटांची अजून सवय व्हायची आहे, सिग्नलला एकदा आडवी झाले. गुरुवारी पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो (गाड्या नेणारी बोट) धरते.

दापोलीकर:
आईला सांगितलंत का?

खाडीपल्याड:
नाही. दाभोळच्या धक्क्यावर पोहोचले की सांगेन. आधी सांगितलं तर ती मांडव्यापासूनच अर्ध्या अर्ध्या तासाने फोन करेल.

खाडीपल्याड (रविवार):
दाभोळ. फेरी पलीकडच्या काठाला उभी आहे, इकडे यायला वेळ आहे. आत्तापर्यंत चार चढ ढकलले, बाकी बसूनच. एकही पंक्चर नाही. आईला फोन झाला. म्हणाली, "जेवायला उशीर करू नको, घावन गार होतात." वेळणेश्वरचा, तुमच्या त्या धोपाव्याच्या चढाला ढकलू की बसू?

वेळणेश्वरचा:
पहिलं वळण ढकला, पुढे बसा. वर सडा आहे, वारा पाठीवर येईल.