कॉम्प्युटर झोपतो आणि मध्यरात्री आपोआप जागा होतो : मदत हवी

बी ३०२ : नमस्कार. कॉम्प्युटरमधलं कोणाला कळत असेल तर जरा मदत हवी आहे. रात्री पीसी स्लीपला टाकून झोपतो आणि मधेच कधीतरी तो आपोआप चालू होतो. स्क्रीनचा उजेड थेट आईच्या पलंगावर पडतो. एकदा झोपमोड झाली की तिला परत झोप लागत नाही. चार रात्री हेच चाललंय.

ए १०४ : व्हायरस असेल. फॉरमॅट मारून टाका.

सी ५०१ : काका, फॉरमॅटची घाई नको. सगळं परत बसवायचं आणि दुखणं तिथल्या तिथं, असं होईल. ३०२, आधी एवढंच सांगा : तो झोपतच नाही, की नीट झोपतो आणि मग उठतो? ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधंही वेगळी.

बी ३०२ : झोपतो नक्की. पंखा बंद पडतो, बटणावरचा दिवा उघडझाप करतो. तास-दोन तासांनी जागा होतो.

सी ५०१ : म्हणजे त्याला कोणीतरी उठवतंय. स्लीपमध्ये रॅमला (चालू काम लक्षात ठेवणाऱ्या मेमरीला) आणि बहुतेक यूएसबी पोर्टना थोडी वीज मिळत राहते. म्हणूनच माऊस हलवला की मशीन जागं होतं. माऊस तुम्ही हलवलात की तो नुसता थरथरला, हे मशीनला कळत नाही. तेव्हा वायरी उपसत बसू नका, आधी विंडोजलाच विचारा. स्टार्टमध्ये सीएमडी (आज्ञा टाइप करायची खिडकी) शोधा, त्यावर राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. मग इंग्रजीत टाइप करा : पॉवरसीएफजी, एक स्पेस, तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश), लास्टवेक. शेवटचं कोणी उठवलं ते दाखवेल. मात्र आपोआप उठलेला असेल तेव्हाच विचारा. रीस्टार्ट केलात तर ती नोंद जाते.

बी ३०२ : ताई, काल रात्री १:४० ला उठला, लगेच बघितलं. ‘यूएसबी रूट हब’ एवढंच लिहून आलं.

सी ५०१ : हब म्हणजे नुसता दरवाजा. आत कोण आलं ते यावरून कळत नाही. आता पॉवरसीएफजी, स्पेस, तिरपी रेघ, डिव्हाइसक्वेरी, स्पेस, वेक, अंडरस्कोअर, आर्म्ड. उठवायची परवानगी ज्यांना आहे त्यांची यादी येईल.

बी ३०२ : तीन नावं आली. कीबोर्ड, माऊस आणि नेटवर्क कार्ड.

सी ५०१ : टेबल काचेचं आहे का? माऊसखाली पॅड आहे?

बी ३०२ : काचेचंच आहे, पॅड नाही. तुम्हाला कसं कळलं?

सी ५०१ : अंदाज केला. माऊसच्या पोटात एक छोटा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सतत फोटो काढतो आणि दोन फोटोंतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. काचेवर किंवा चकचकीत लाकडावर त्याला धरायला काही खूण सापडत नाही, मग जागच्या जागी असूनही हलल्यासारखं वाटतं. हात न लावता स्क्रीनवरच्या बाणाकडे मिनिटभर टक लावून बघा.

बी ३०२ : अगदी बरोबर! बाण केसभर सरकतो, थांबतो, परत सरकतो. इतके दिवस लक्षातच आलं नव्हतं.

सी ५०१ : मग डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा. तिथं माऊसच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब आहे. ‘अलाऊ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर’ वरची खूण काढा. कीबोर्डची राहू द्या, सकाळी एक कळ दाबून उठवता येईल. आणि माऊसखाली पॅड घ्याच. नुसती परवानगी काढली तर रात्र शांत जाईल, पण दिवसा तो थरथरत राहिला की पीसी आपणहून झोपणारच नाही.

डी ४०२ : माझ्या लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही.

सी ५०१ : बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाची वेगळी झोप असते, तिथं हा टॅब बहुधा नसतो. पॉवरसीएफजी, स्पेस, तिरपी रेघ, ए लिहिलंत की तुमच्याकडे कोणती झोप आहे ते कळेल.

बी ३०२ : सुप्रभात. रात्रभर पीसी बंदच होता. आई सहापर्यंत गाढ झोपली. ताई, खरंच मनापासून आभार.

ए १०४ : मीही आजवर फॉरमॅटच करत आलो. हे लिहून ठेवतो.

बी २०३ : आमचं उलटं आहे. पीसी आपणहून झोपतच नाही. १५ मिनिटांचं सेटिंग आहे, तरी रात्रभर चालू.

सी ५०१ : इथं पॉवरसीएफजी, स्पेस, तिरपी रेघ, रिक्वेस्ट्स. झोपू नको म्हणून कोण अडवतंय ते येईल. पुष्कळदा यूएसबी हेडफोन किंवा साउंड कार्ड निघतं. ब्राउझरच्या एखाद्या टॅबमध्ये आवाज चालू राहिलेला असतो आणि ‘ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते.

बी २०३ : सगळीकडे ‘नन’, म्हणजे कोणीच नाही, असं आहे.

सी ५०१ : हेही महत्त्वाचं आहे. कोणी रीतसर अडवत नाही, म्हणजे बहुधा कुठून तरी सतत इनपुट येतंय आणि १५ मिनिटांचं घड्याळ दर वेळी शून्यावर जातंय. असं इनपुट या यादीत येत नाही. माऊस-कीबोर्ड सोडून काय जोडलंय?

बी २०३ : मुलाचं गेमचं स्टिअरिंग आणि पेडल. महिनाभर जोडलेलंच आहे.

सी ५०१ : तिथंच बघा. पायाने दाबायचं पेडल जुनं झालं की मोकळं असतानाही थोडं दाबल्यासारखे आकडे पाठवत राहतं. स्लीपची वेळ तात्पुरती २ मिनिटं करा आणि फक्त तेवढी एक वायर काढून बघा. एका वेळी एकच, नाहीतर दोषी कोण ते कळणार नाही.

बी २०३ : वायर काढली आणि दोन मिनिटांत झोपला! आता पेडल वेगळं काढून नुसतं स्टिअरिंग जोडून बघते. मुलगा शाळेतून यायच्या आत सांगते.