स्टुअर्ट पीअर्स: हंगामी मॅनेजर म्हणून किती वेळा?

मिरज_लेफ्टबॅक: सांगलीतल्या पोरांना डिफेंडर पुढे कोच कसा होतो ते सांगायचंय. इंग्लंडसाठी 78 सामने खेळलेला पीअर्स माहीत आहे. हंगामी मॅनेजर म्हणून त्याने काय केलं?

कृष्णाकाठ: तीनदा. डिसेंबर 1996 मध्ये मॅनेजर फ्रँक क्लार्क गेल्यावर नॉटिंगहॅम फॉरेस्टला, स्वतः खेळत असताना. मार्च 2005 मध्ये कीगननंतर मँचेस्टर सिटीला. तिथं मे महिन्यात कायम झाला. फेब्रुवारी 2012 मध्ये कपेलोनंतर इंग्लंडला, एकच सामना, नेदरलँड्सकडून 2-3 हार.

विश्रामबाग_फुटबॉल: फॉरेस्टची गोष्ट पोरांना नक्की सांगा. पहिल्या सामन्यासाठी त्याने 11 नावं लिहिली, त्यात गोलकीपरच नव्हता! चूक वेळेत सापडली आणि आर्सेनलला 2-1 हरवलं. खेळाडूच मॅनेजर असला की असं होतं, म्हणून यादी गोलकीपरपासून लिहायची आणि दुसऱ्याकडून तपासून घ्यायची. हंगामाअखेर फॉरेस्ट खालच्या डिव्हिजनमध्ये उतरलंच.

कृष्णाकाठ: आणि 15 मे 2005, मिडल्सब्रोविरुद्ध. यूएफा कपसाठी, म्हणजे युरोपातल्या क्लब स्पर्धेसाठी, सिटीला विजयच हवा होता, स्कोअर 1-1. पीअर्सने मिडफिल्डर रेनाला काढून राखीव गोलकीपर वीव्हरला आणलं आणि उंच मुख्य गोलकीपर डेव्हिड जेम्सला फॉरवर्ड केलं. गोलकीपरचा नाही, मैदानी खेळाडूचा शर्ट, मागे 1 नंबर, आधीच छापून ठेवलेला. बॉक्समध्ये गोंधळ उडाला, पेनल्टीही मिळाली, पण सिटीच्या फाउलरची ती पेनल्टी मिडल्सब्रोचा गोलकीपर श्वार्झरने अडवली. माझ्या मते डाव बरोबर होता. फक्त मिडफिल्डर कमी झाला की परत येणारा बॉल उचलायला माणूस उरत नाही, तेवढं पोरांना फळ्यावर दाखवा.

मिरज_लेफ्टबॅक: रविवारी फळ्यावर हेच घेतो. आभार, दादा.